प्रस्तावना : दोन पदार्थांमधला सांधा

बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे पहिले संचालक मॉरिस ट्रॅव्हर्स हे वायू वेगळे करण्याच्या कामात त्या काळी जगात अव्वल होते. संस्थेच्या इतिहासात त्यांचं नाव येतं ते बहुधा इमारती, जमीन आणि वादावादीच्या संदर्भात. त्यांच्या हातातली कला मात्र मागे पडते. १८९८ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम रॅम्झे आणि ट्रॅव्हर्स या दोघांनी क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन ही तीन मूलद्रव्यं काही आठवड्यांच्या अवधीत शोधून काढली. रीत एकच. हवा इतकी थंड करायची की तिचा द्रव होतो, मग तो द्रव सावकाश उकळू द्यायचा आणि ज्या तापमानाला जो वायू निघेल तो वेगळा धरायचा. पुढे हेच रॅम्झे जमशेदजी टाटांच्या नियोजित संस्थेसाठी जागा बघायला हिंदुस्थानात आले, त्यांनी बंगळुरू सुचवलं, आणि १९०६ साली संचालकपदी नेमणूक झाली ती ट्रॅव्हर्स यांची.

त्यांची ती रीत आजही जगभरचे रासायनिक कारखाने चालवते. आकार तेवढा वाढला. काचेच्या नळ्यांच्या जागी पोलादी मनोरे आले. या पुस्तकाचा विषय त्या रीतीला पर्याय शोधण्याचा आहे: वायू थंड न करता, उकळू न देता, एका पातळ पापुद्र्यातून दाबानं ढकलून वेगळे करायचे, आणि तो पापुद्रा निव्वळ प्लॅस्टिकचा न ठेवता त्यात बारीक सच्छिद्र स्फटिक मिसळायचे. अशा पापुद्र्याला मिक्स्ड मॅट्रिक्स मेम्ब्रेन म्हणतात. मी पुढे नुसतं मिश्र मेम्ब्रेन म्हणेन.

पर्याय कशासाठी हवा, हे आधी सांगायला हवं, कारण मनोऱ्याची हेटाळणी करून मेम्ब्रेनचं कौतुक करण्याची एक सवय या क्षेत्रात आहे आणि ती मला पटत नाही. मनोरा हे भरवशाचं यंत्र आहे. तो वर्षानुवर्षं चालतो, त्याचं गणित पक्कं आहे, तो चालवणारी माणसं तयार आहेत. त्याची अडचण एकच. ज्या दोन पदार्थांचे उत्कलनबिंदू जवळजवळ असतात, त्यांना वेगळं करताना तो बेसुमार ऊर्जा खातो.

प्रोपिलीन आणि प्रोपेन घ्या. प्रोपिलीन उकळतं उणे ४७.६ अंश सेल्सिअसला, प्रोपेन उणे ४२.१ ला. फरक साडेपाच अंशांचा. दोघांच्या रेणूंत कार्बनचे तीन-तीन अणू. प्रोपेनमध्ये हायड्रोजनचे आठ, प्रोपिलीनमध्ये सहा, आणि दोन कार्बनांमध्ये एक दुहेरी बंध. एवढ्या दोन हायड्रोजनांच्या फरकावर बाजारभाव ठरतो. प्रोपेन हे इंधन. प्रोपिलीनपासून पॉलिप्रोपिलीन होतं, म्हणजे सिमेंटची पोती, बादल्या, मोटारींचे बंपर, इंजेक्शनच्या सिरिंज. रिफायनरीतून येणाऱ्या एलपीजीत प्रोपेन-ब्यूटेनबरोबर प्रोपिलीनही असू शकतं. ते काढून घेण्याची सोय नसेल तर घरच्या शेगडीवर तेही जळून जातं. एथिलीन आणि एथेन यांचं दुखणं असंच, फक्त अधिक थंडीतलं: उणे १०३.७ आणि उणे ८८.६ अंश.

हे सगळं मराठी मुलखाला परकं नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोसिलचा नाफ्था क्रॅकर, म्हणजे नाफ्थाचे रेणू उष्णतेनं तोडून एथिलीन-प्रोपिलीन करणारा कारखाना, १९६८ मध्ये सुरू झाला. देशातल्या अगदी सुरुवातीच्या क्रॅकरांपैकी तो एक. पुढे बॉम्बे हायचा वायू उरणमार्गे नागोठण्याला गेला आणि तिथे इंडियन पेट्रोकेमिकल्सचा गॅस क्रॅकर उभा राहिला, जो आता रिलायन्सकडे आहे. अलिबागजवळ उसरला गेल कंपनीनं वर्षाला पाच लाख टन क्षमतेचा, प्रोपेनपासून प्रोपिलीन आणि त्यापासून पॉलिप्रोपिलीन करण्याचा प्रकल्प हाती घेतला. अशा प्रक्रियेत भट्टीतून एकदा गेलेलं सगळं प्रोपेन काही बदलत नाही. बाहेर येतं ते दोघांचं मिश्रण, आणि ते सोडवायला पुन्हा तोच मनोरा. प्रोपिलीन-प्रोपेनच्या मनोऱ्यात दीडशे-दोनशे ट्रे सहज असतात आणि त्याची उंची शंभर मीटरच्या आसपास जाते. वर पोचलेल्या वाफेचा मोठा भाग द्रव करून पुन्हा पुन्हा खाली सोडावा लागतो. म्हणजे एकच प्रोपिलीन अनेकदा उकळायचं आणि अनेकदा थंड करायचं. डेव्हिड शॉल आणि रायन लाइव्हली या दोघांनी २०१६ साली 'नेचर'मध्ये जग बदलू शकतील अशा सात विलगीकरणांची यादी मांडली, तीत एथिलीन-प्रोपिलीनच्या शुद्धीकरणाला जागा होती. त्यांचा अंदाज असा, की या दोघांना शुद्ध करण्यातच जगाच्या एकूण ऊर्जावापरापैकी ०.३ टक्के खर्च होतो. आकडा लहान दिसतो खरा, पण तो 'जगाच्या एकूण'चा आहे.

मेम्ब्रेनची कल्पना मनोऱ्यापेक्षा काही नवी नाही. १८३१ मध्ये फिलाडेल्फियाच्या जॉन मिचेल यांनी रबरी फुग्यांतून वेगवेगळे वायू वेगवेगळ्या वेगानं निसटतात हे नोंदवलं. १८६६ मध्ये टॉमस ग्रॅहम यांनी रबराच्या पातळ पापुद्र्यातून हवा निर्वात पोकळीत ओढली आणि पलीकडे सुमारे ४१ टक्के ऑक्सिजन असलेली हवा मिळवली. तिथं भोक नव्हतं, चाळणी नव्हती. ग्रॅहमनी जे ओळखलं ते आजही टिकून आहे: वायू रबरात आधी विरघळतो, मग आतून वाट काढत पलीकडे जातो, आणि तिथे बाहेर पडतो. जो जास्त विरघळतो किंवा जो चपळ आहे, तो पुढे. एवढी समज असूनही उद्योगात हे यायला शतकाहून जास्त काळ लागला, कारण पापुद्रा जाड असला तर वायू जातच नाही आणि पातळ केला तर फाटतो. त्यावरचा तोडगा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय असलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी काढला: वर अतिपातळ घट्ट थर, खाली आधाराला स्पंजासारखा जाड थर, आणि दोन्ही एकाच ओतकामात. काम खाऱ्या पाण्याचं होतं, फायदा वायूंनाही झाला. १९८० च्या आसपास मोन्सँटो कंपनीनं अमोनियाच्या कारखान्यांतला वाया जाणारा हायड्रोजन परत मिळवायला पोकळ तंतूंची मेम्ब्रेन बाजारात आणली आणि हा धंदा खऱ्या अर्थानं सुरू झाला.

हायड्रोजन सोपा. तो लहान, तो पळतो. प्रोपिलीन आणि प्रोपेन यांच्यात तसं काही नाही. त्यांच्या परिणामकारक आकारातला फरक ०.२ अँगस्ट्रॉमच्या घरातला, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग. पॉलिमरच्या साखळ्या सतत हलत असतात. त्यांच्यामधल्या फटी क्षणात उघडतात, क्षणात मिटतात. इतका बारीक फरक ओळखणं हे त्या हलत्या फटींचं काम नव्हे. लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये शेकडो पॉलिमरांची मापं एका आलेखावर टाकली. आडव्या अक्षावर पारगम्यता, म्हणजे वायू किती जातो. उभ्यावर निवडक्षमता, म्हणजे एकाच्या तुलनेत दुसरा किती जातो. सगळे ठिपके एका तिरक्या रेषेच्या खाली. वेग वाढवला की निवड जाते, निवड वाढवली की वेग जातो. २००८ मध्ये त्यांनी रेषा पुन्हा काढली. ती थोडी वर सरकली होती, तिरकी मात्र राहिलीच.

या रेषेच्या पलीकडे सहज बसणारे पदार्थ आधीपासून होते. झिओलाइट. अॅल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची पिंजऱ्यासारखी स्फटिकरचना, आणि पिंजऱ्याला ठरावीक मापाच्या खिडक्या. सह्याद्रीत फिरणाऱ्या माणसाला याची ओळख वेगळीच असते. दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट इतके देखणे वाढले आहेत की जगातल्या खनिजसंग्रहालयांत पुणे, नाशिक, जळगाव ही नावं चिठ्ठ्यांवर दिसतात. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात हे एकत्र बघायला मिळतं. मेम्ब्रेनमध्ये मात्र हे डोंगरातले खडे चालत नाहीत. तिथे लागतात ते प्रयोगशाळेत वाढवलेले, एकसारख्या मापाचे, मायक्रॉनहून बारीक स्फटिक. असे झिओलाइट हातानं घडवण्याचा पाया घालणाऱ्यांत रिचर्ड बॅरर हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ अग्रभागी होते. पॉलिमरमधून वायू कसा झिरपतो याचा अभ्यासही त्यांचाच, आणि मेम्ब्रेनची पारगम्यता आजही 'बॅरर' या एककात मोजतात. एकाच माणसानं आयुष्यभर या दोन्ही बाजू सांभाळल्या, आणि दोघांना एकत्र करण्याचं काम मागाहून इतरांनी केलं, याची मला गंमत वाटते.

निव्वळ झिओलाइटचा सलग पापुद्रा का नाही करायचा? करतात. तो ठिसूळ असतो, त्याला सिरॅमिकचा आधार लागतो, क्षेत्रफळ वाढवत नेलं की कुठेतरी चीर पडते, आणि एका चिरेतून सगळं मिश्रण न निवडता पलीकडे जातं. पॉलिमर स्वस्त, लवचीक, किलोमीटरच्या हिशेबात तंतू ओढता येणारा. म्हणून कल्पना अशी निघाली: पॉलिमरनं अंग द्यावं, स्फटिकानं निवड द्यावी.

१९७३ मध्ये डोनाल्ड पॉल आणि केम्प यांनी सिलिकॉन रबरात ५ए झिओलाइट मिसळून पाहिलं. त्यांना दिसलं ते असं, की वायूला पलीकडे पोचायला सुरुवातीला खूप उशीर होतो, कारण स्फटिक त्याला आधी पोटात घेतात. एकदा ते भरले की प्रवाह जवळपास पूर्वीसारखाच. आशा वाढवणारा निकाल नव्हता. पुढच्या दशकात शिकागोजवळच्या यूओपी कंपनीत संती कुलप्रथिपंजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेल्युलोज अॅसिटेटमध्ये सिलिकालाइट जातीचा झिओलाइट घालून निवड खरोखर सुधारते हे दाखवलं आणि १९८८ च्या सुमारास पेटंट घेतली. तिथून 'मिश्र मेम्ब्रेन' हा धंद्यातला शब्द झाला. नव्वदच्या दशकात ऑस्टिनला आणि नंतर अटलांटात विल्यम कोरोस यांनी त्याचं शास्त्र बांधलं. एअर लिक्विड कंपनीच्या २००३ मधल्या एका पेटंटावर, मिश्र मेम्ब्रेनचे पोकळ तंतू कसे ओढायचे याच्या, एकिनेर आणि कुलकर्णी अशी दोन नावं आहेत. दुसऱ्या नावापाशी मराठी वाचक क्षणभर थबकेल.

आता या विषयाच्या गाभ्याकडे. मिश्र मेम्ब्रेनवरचं बहुतेक लेखन खिडकीच्या मापाभोवती फिरतं: हा स्फटिक इतक्या अँगस्ट्रॉमचा, तो तितक्या. माझं मत असं, की गेल्या चाळीस वर्षांत हा विषय जिथे अडला तो खिडकीपाशी नाही, स्फटिक आणि पॉलिमर यांच्या सांध्यापाशी. दाण्याची चिक्की केलेल्या कुणालाही हे कळेल. पाक दाण्याला सगळीकडून चिकटला तर वडी एकसंध. पाक गार होताना आखडला, दाणा कोरडा किंवा साल निघालेला नसला, तर दाण्याभोवती केसाएवढी फट राहते आणि वडी तिथेच तुटते. मेम्ब्रेन ओततानाही पॉलिमर एखाद्या द्रावकात विरघळवलेला असतो. द्रावक उडून जातो तसा पॉलिमर आखडत जातो. रबरासारखा मऊ पॉलिमर स्फटिकाला धरून ठेवतो, पण त्याची स्वतःची निवड कच्ची. निवड चांगली असणारे पॉलिमर काचेसारखे ताठ. त्यांच्या साखळ्या ऐनवेळी वळत नाहीत आणि स्फटिकापासून सुटतात. मग प्रत्येक स्फटिकाभोवती एक पोकळी. तिची रुंदी नॅनोमीटरची का असेना, प्रोपेनच्या रेणूला तो हमरस्ता. स्फटिक जागच्या जागी शाबूत, त्याच्या खिडक्या नेमक्या मापाच्या, आणि वायू त्याला वळसा घालून जातो.

दुखण्याचे आणखी दोन प्रकार आहेत आणि ते अधिक फसवे, कारण सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही. एकात पॉलिमर स्फटिकाला इतका घट्ट बिलगतो की त्याच्या साखळ्या तिथे गोठल्यासारख्या होतात आणि त्या थरातून वायू सावकाश जातो. दुसऱ्यात पॉलिमरचं टोक, उरलेला द्रावक किंवा हवेतली दमट वाफ खिडकीतच अडकते आणि स्फटिक नुसता ओझं होऊन बसतो. २००५ मध्ये मूर आणि कोरोस यांनी या सगळ्या विकृती एका चौकटीत मांडल्या, तो निबंध मला या क्षेत्रातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. त्याआधी मिश्र मेम्ब्रेनचा अंदाज बांधायला लोक जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचं १८७३ चं सूत्र वापरत. ते सूत्र मुळात वीजवहनाचं: एका माध्यमात दुसऱ्या माध्यमाचे विखुरलेले गोळे असले तर एकूण वहन किती? त्यात दोनच पदार्थ आहेत. खऱ्या मेम्ब्रेनमध्ये तिसरा असतो, तो म्हणजे सांध्याचा थर, आणि त्याचे गुणधर्म कुठल्याच तक्त्यात नाहीत.

उपायही सांध्यावरचेच निघाले. सिलेन नावाच्या रेणूंनी एका टोकाला स्फटिक आणि दुसऱ्या टोकाला पॉलिमर धरायचा. किंवा स्फटिकांना आधी त्याच पॉलिमरच्या पातळ द्रावणात घोळवून अंगावर एक थर चढवायचा, मग उरलेला पॉलिमर घालायचा. किंवा ओतकाम इतक्या गरम तापमानाला करायचं की साखळ्या मऊ राहतील. प्रत्येक उपाय कुठेतरी लागू पडला, सगळीकडे कुठलाच नाही.

खरी कलाटणी मिळाली स्फटिकच बदलल्यावर. धातूचे अणू आणि कार्बनी दुवे यांची जाळी, म्हणजे मॉफ. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळालं ते यासाठी. (हे रॉबसन वेगळे, तिरक्या रेषेचे रोबसन वेगळे.) मॉफच्या अंगातच कार्बनी भाग असल्यानं पॉलिमरशी त्यांचं बरं जमतं. त्यांतला झिफ-८, जस्त आणि मिथाइलइमिडाझोल यांचा, प्रोपिलीनसाठी जणू मागवून घेतलेला. क्ष-किरणांनी मोजली तर त्याची खिडकी ३.४ अँगस्ट्रॉमची, त्या मापानं प्रोपिलीनला आत शिरता येऊ नये. पण खिडकीच्या कडेचे दुवे डोलतात, ती किंचित उघडते, आणि प्रोपिलीन जातं, प्रोपेन मात्र अडखळतं. २००९ मध्ये एका गटानं दोघांच्या आतल्या वेगांचं गुणोत्तर सव्वाशेच्या घरात मोजलं. २०१२ मध्ये कोरोस यांच्याकडे चेन झांग यांनी सिक्सएफडीए-डॅम या पॉलिइमाइडमध्ये वजनानं ४८ टक्के झिफ-८ मिसळून प्रोपिलीनची पारगम्यता ५६.२ बॅरर आणि निवडक्षमता ३१ मिळवली. त्या पॉलिमरच्या नुसत्या पापुद्र्याच्या तुलनेत पहिली सुमारे साडेतीन पट, दुसरी अडीच पट. तिरक्या रेषेवर दोन्ही अंगांनी एकदम पुढे सरकणं होतं ते. पॉलिमरची निवडही विचारपूर्वक होती: तो फार मंद असता तर स्फटिकापर्यंत वायूच पोचला नसता, फार मोकळा असता तर वायूनं स्फटिकाची वाटच धरली नसती.

खिडकी आणि रेणू यांचं नातं वाटतं तितकं सरळ नाही, हे बंगळुरूतच दिसलं होतं, आणि तेही मॉफचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सुब्रमण्यन यशोनाथ आणि त्यांचे सहकारी प्रकृतेश्वर संतिकारी झिओलाइटमधल्या रेणूंची हालचाल संगणकावर बघत होते. अपेक्षा अशी, की रेणू जितका मोठा तितका तो सावकाश. १९९४ मध्ये त्यांनी दाखवलं की एका टप्प्यापर्यंतच हे खरं. रेणूचं माप खिडकीच्या मापाच्या जवळ आलं की त्याचा वेग उलट वाढतो. कारण लहान रेणू खिडकीच्या एका कडेला ओढला जाऊन तिथे रेंगाळतो. नेमक्या मापाच्या रेणूला सगळ्या कडा सारख्याच ओढतात, ओढी एकमेकींना खोडतात, आणि तो अलगद पार होतो. याला त्यांनी 'लेव्हिटेशन इफेक्ट' म्हटलं. २०१० मध्ये भास्कर बोरा, फ्रान्सचे एर्वे जोबिक आणि यशोनाथ यांनी न्यूट्रॉन विखुरण्याच्या प्रयोगानं पेंटेनच्या तीन भावंडांवर हे पडताळलं. एनएवाय झिओलाइटमध्ये फांद्या फुटलेले जाडजूड निओपेंटेन आणि आयसोपेंटेन सडपातळ नॉर्मल पेंटेनपेक्षा वेगानं चालले. हायड्रोकार्बन वेगळे करू बघणाऱ्यानं हा निकाल उशाशी ठेवावा असं मला वाटतं. 'लहान तो आधी' या समजुतीवर स्फटिक निवडणारी माणसं अजून आहेत.

याच शहरात जक्कूरला, चिं. ना. रा. राव यांनी १९८९ मध्ये उभ्या केलेल्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात तपसकुमार माजी यांचा गट वायू शोषून निवडणाऱ्या जाळ्यांवर काम करत आला आहे. २००७ मधल्या, कितागावांबरोबरच्या एका निबंधावर माजी यांचं नाव आहे. मात्र जाळी आणि पॉलिमर यांचं लग्न लावण्याचं काम मराठी वाचकाला अधिक जवळून बघायचं तर पुण्याला जावं लागेल. तिथल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत २०१६ च्या सुमारास उल्हास खारुल यांचा हात पॉलिमरवर होता, पॉलिबेन्झिमिडाझोलवर विशेष. राहुल बॅनर्जी यांचा जाळ्यांवर. दोन्ही गटांनी मिळून केलेल्या कामातून २०१६ मध्ये कॉफ, म्हणजे धातू नसलेली निव्वळ कार्बनी जाळी, निम्म्या वजनापर्यंत मिसळलेली आणि तरी लवचीक राहणारी मेम्ब्रेन निघाली. सांधा टिकला तो दोघांमधल्या हायड्रोजन बंधांमुळे. त्यांनी मोजलेल्या वायूंत हायड्रोकार्बन म्हणून मिथेन होता, प्रोपिलीन नव्हतं. तरीही स्फटिक आधी आणि चिकटवण्याची चिंता नंतर, असं न करता दोन्ही बाजू एकमेकींसाठी घडवण्याची ही रीत मला खिडकीच्या मापांच्या शर्यतीपेक्षा मोलाची वाटते. त्याच सुमारास या मंडळींनी पोकळ तंतूच्या अंगावरच जाळी वाढवून पाहिली होती, तेही याच विचारातून.

प्रयोगशाळेतलं यश आणि कारखाना यांच्यामध्ये जाडीचा मोठा अडथळा आहे. तबकडीत ओतलेला पापुद्रा पन्नास मायक्रॉनचा असतो. त्यात एक मायक्रॉनचे स्फटिक निवांत सामावतात. कारखान्याच्या तंतूवर काम करणारा थर मायक्रॉनच्या दहाव्या हिश्श्याचा लागतो, नाहीतर हजारो चौरस मीटर लावूनही वायू पुरेसा जात नाही. आता स्फटिकच थरापेक्षा जाड. ते नॅनोमीटरवर आणावे लागतात, आणि बारीक झाले की एकमेकांना चिकटून गोळे धरतात; सांध्याचं एकूण क्षेत्रफळही कित्येक पटींनी वाढतं, म्हणजे दुखणंही. २०१४ मध्ये कोरोस यांच्या गटानं दोन थरांचे झिफ-८ चे पोकळ तंतू ओढून दाखवले, तेव्हा स्फटिकांचं प्रमाण त्या ४८ टक्क्यांवरून बरंच खाली आणावं लागलं होतं.

दुसरी अडचण दाबाची. प्रोपिलीन, प्रोपेन हे सहज द्रव होणारे वायू. दाब वाढला की ते पॉलिमरमध्ये भरपूर विरघळतात, पॉलिमर फुगतो, साखळ्या सैल होतात, आणि निवड घसरते. कमी दाबावर, एकेक शुद्ध वायू आळीपाळीनं सोडून मोजलेली निवडक्षमता आणि मिश्रणात, दहा-पंधरा पट दाबावर मिळणारी निवडक्षमता हे दोन वेगळे आकडे असतात. या पुस्तकातले तक्ते बघताना वाचकानं पहिल्यांदा आकडा कशाचा आहे तेच पाहावं.

आणि आकडा खरा असला तरी तो काय देतो, याचा हिशेब करावा. प्रोपिलीन आणि प्रोपेन निम्मं-निम्मं आहे, निवडक्षमता ३१ आहे, पलीकडे पूर्ण निर्वात आहे असं समजू. तरी सुरुवातीला पलीकडे येणारा वायू सुमारे ९७ टक्के शुद्ध. पॉलिप्रोपिलीन करायला लागतं ९९.५ टक्क्यांच्या वर. जसजसं प्रोपिलीन निघून जातं तसतशी मागे उरलेल्यात प्रोपेनची भर होते आणि शुद्धता आणखी उतरते. एका टप्प्यात काम होत नाही. दोन टप्पे करायचे तर मध्ये वायू पुन्हा दाबावा लागतो, आणि कॉम्प्रेसरचं वीजबिल वाचवलेल्या वाफेतून वजा होतं. म्हणून मनोरा काढून मेम्ब्रेन बसवण्याची भाषा मी गांभीर्यानं घेत नाही. मनोऱ्याच्या मधल्या ट्रेवरून मिश्रण काढायचं, मेम्ब्रेननं त्याची ढोबळ फोड करायची, आणि दोन्ही वाटे योग्य ट्रेवर परत सोडायचे. यात मनोऱ्याचा भार उतरतो आणि मेम्ब्रेनला ९९.५ चा अट्टहास करावा लागत नाही. जुना मनोरा नव्या क्षमतेला पुरत नसेल तिथे ही जोडणी आधी परवडेल.

चांदीच्या आयनांवर एथिलीन-प्रोपिलीन धरून पलीकडे नेणाऱ्या मेम्ब्रेनचा मार्ग या पुस्तकात थोडक्यात आला आहे, ते योग्यच. त्यांची निवड डोळे दिपवणारी असते, पण हायड्रोजननं त्या चांदीचा धातू होतो, हायड्रोजन सल्फाइडनं ती काळवंडते, आणि अॅसिटिलीनशी गाठ पडली तर स्फोटक संयुग बनू शकतं. क्रॅकरच्या वायूत या तिन्हींचा वास असतोच.

ज्या बंगळुरूपासून सुरुवात केली तिथे रिफायनरी नाही, क्रॅकर नाही. मंगळूरहून हासनमार्गे ३६२ किलोमीटरची नळी देवनगुंडीच्या बाजूला येते ती तयार पेट्रोल-डिझेल घेऊन. संशोधन मात्र इथे दाटीवाटीनं आहे: देवनगुंडीलाच हिंदुस्तान पेट्रोलियमचं केंद्र, सर्जापूरच्या बाजूला २०१३ पासून साबिकचं, देवनहळ्ळीकडे २०१७ पासून शेलचं मोठं संकुल, आणि शहरात वर सांगितलेल्या संस्था. या प्रयोगशाळांत मेम्ब्रेनवर सोडायचा वायू सिलिंडरमधून येतो, ९९ टक्क्यांहून शुद्ध. नागोठण्याच्या नळीतल्या वायूत पाण्याचा अंश असतो, चार-पाच कार्बनांचे जड रेणू असतात, कॉम्प्रेसरच्या तेलाचा धूर असतो, आणि रात्रपाळीत कुणीतरी झडप थोडी जास्त उघडली की दाबाचा धक्काही असतो. झिफ-८ चा सांधा त्यात किती महिने टिकतो, हे सिलिंडर सांगू शकत नाही. मिश्र मेम्ब्रेनसाठी आज नव्या स्फटिकापेक्षा जास्त गरज आहे ती प्रोपिलीन-प्रोपेनच्या मनोऱ्याच्या बाजूला बोटभर जाडीच्या नळीवर टांगलेल्या एका लहान मॉड्यूलची, ज्यातून वर्षभर खरा वायू जाईल आणि ज्याची निवडक्षमता पहिल्या आठवड्यात, पावसाळ्यात आणि वार्षिक शटडाउननंतर, अशी तिन्ही वेळा त्याच माणसांकडून मोजली जाईल. नागोठणे किंवा उसर, दोन्ही ठिकाणी हे करता येण्यासारखं आहे; जागा लागते खोलीभर. पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणात अशा मॉड्यूलचा आराखडा आहे, झडपांच्या जागांसकट. कारखान्यात काम करणाऱ्या वाचकानं ते प्रकरण आधी वाचलं तरी हरकत नाही.